चिंतामणबाबूंची काळी एक

धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये गणपती बसायचा. संध्याकाळच्या आरतीला झाडून सगळे जमायचे, हमालांपासून दलालांपर्यंत. आरतीत लोक जे करतात त्याला गाणं म्हणायचं असेल तर म्हणा, मी आरडाओरड म्हणतो. तिथं कोणाचा सूर कोण बघतो? तरी त्या गलक्यात एक माणूस नुसते ओठ हलवायचा. टाळी बरोबर तालात, ओठ बरोबर शब्दावर, आणि आवाज नाही. मी खांद्याला खांदा लावून उभा होतो म्हणून मला कळलं. ते होते चिंतामणबाबू वाठोडकर, प्रेसच्या वजनकाट्यावरचे कारकून.

मी किसनराव. अकोल्याला जुन्या शहरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. शिवणयंत्रं, घड्याळं आणि ग्रामोफोन. माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोक सांगतातच. एकच सुई महिनाभर वापरायची आणि मग ‘आवाज फाटून राहिला’ म्हणून माझ्याकडं यायचं, अशा माणसाला मी पायरीवरूनच परत लावतो. तबकडीच्या एका बाजूला एक सुई, हे सुयांच्या डबीवर छापलेलं असतं. वाचायला येतं ना? मग वाचा की.

प्रेसमधलं भिंतीवरचं घड्याळ आणि बारदान शिवायची यंत्रं यांच्यासाठी मी वर्षातून दोनदा धामणगावला जायचो आणि मुक्काम चिंतामणबाबूंच्या खोलीवर असायचा. माझं जेवण मी घरून बांधून न्यायचो, त्यांचं ते रांधायचे, पाणी मात्र आम्ही एकाच माठातलं प्यायचो. खोलीत एक खाट, एक कंदील, देवाचा एक कोनाडा. माणूस नेमका आणि स्वच्छ. पण बोलायचे ते तोंडातल्या तोंडात. काट्यावरून हमालाला हाक मारायची तर हाक मारायचे नाहीत, उठून त्याच्याजवळ चालत जायचे आणि हळू सांगायचे. हमाल हसायचे. मी एकदा विचारलं, लग्न काहून केलं नाही? तर म्हणाले, राहून गेलं. वडील कीर्तनकार होते एवढं एकदा बोलून गेले आणि लगेच दुसरा विषय काढला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्यांच्याकडं येणारं कोणी मी कधी पाहिलं नाही. मी आलो की ते दारात उभे असायचे, गाडीची वेळ पाठ असल्यासारखे. मला ते आवडायचं आणि वाईटही वाटायचं.

सन छत्तीसची दिवाळी झाली आणि अकोल्यातल्या एका वकिलाच्या घरून मला बोलावणं आलं. वकील बापूसाहेब आदल्या वर्षी वारले होते. त्यांची सून प्रमोदिनीबाई, माहेरची पुण्याकडची, मला म्हणाल्या, “सासऱ्यांचा ग्रामोफोन मुलींच्या शाळेला द्यायचा आहे. पण आवाज अगदी फाटका येतो. तेवढा नीट करून द्याल का?”

यंत्र जुनं होतं, कर्ण्याचं. शिसवी पेटी, पितळेचा मोठा कर्णा, कडेला चावी. दिवाणखान्यात चौरंगावर ठेवलेलं, वर भरतकामाचं झाकण. मी झाकण काढलं आणि माझं डोकं तापायला सुरुवात झाली. चौरंगाचा एक पाय आखूड. मी पेटीवर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी एका काठाला येऊन थांबलं. यंत्र असं तिरपं बसलं की सुई खाचेच्या एकाच भिंतीवर घासत जाते आणि गाणाऱ्याला दमा झाल्यासारखा आवाज निघतो. कर्ण्याच्या मानेत रुईचं तूस बोटभर साचलेलं. अकोल्यात जिन सुरू झाले की हे तूस डाळीत सापडतं, कर्ण्यात काय नाही सापडणार! सुई ज्या डबीत बसते त्या डबीत अभ्रकाची चकती असते, ती रबराच्या दोन कड्यांमध्ये मऊ धरलेली हवी. इथं रबर वाळून लाकूड झालेलं. चकती थरथरायच्या ऐवजी कडेला आपटत होती. फरफर व्हायची ती तिथून.

हे सगळं माझ्या रोजच्या कामातलं. पण पेटीच्या कोपऱ्यात वेग कमीजास्त करायचा जो पितळी स्क्रू असतो, तो मला सापडेना. त्याच्या जागी लाल-काळी एक गाठ होती. मी नखानं टोकरलं. कुंकू निघालं.

“हे काय हो बाई?”

“दसऱ्याला यंत्रांची पूजा असते ना,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “सासूबाई म्हणायच्या, यंत्राचा जीव त्या फिरकीत आहे, म्हणून ओलं कुंकू तिलाच. सासऱ्यांनी यंत्र आणलं त्या दिवशी ती फिरकी स्वतः लावली होती. तिला कोणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम.”

पंचवीस वर्षांचे पंचवीस दसरे त्या स्क्रूवर बसले होते. मी तबकडीखाली कागदाची पट्टी अडकवली, घड्याळ समोर ठेवलं आणि फेरे मोजले. मिनिटाला ब्याण्णव. जिथं अठ्ठ्याहत्तर हवेत तिथं ब्याण्णव! बापूसाहेबांना लष्करी बँडच्या तबकड्या आवडायच्या म्हणे, त्या जोशात वाजाव्या म्हणून त्यांनी वेग वाढवला असणार, आणि पुढं त्याच वेगाला गंध-फूल वाहत बसले. एवढा कायदा शिकलेला माणूस! जिवंत असते तर मी तोंडावर बोललो असतो.

रॉकेलची चिंधी लावून, दोन तास खपून मी स्क्रू सोडवला. डबीत सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या नव्या कड्या बसवल्या, कर्णा धुतला, चौरंगाच्या पायाखाली पाचर मारली, नवी सुई लावली. एकेक तबकडी वाजवून पाहिली. आवाज स्वच्छ आला. सगळ्यांत खाली एक तबकडी कागदात गुंडाळलेली होती. ती काढली तर प्रमोदिनीबाई हसल्या.

“ती नको. ती शाळेत द्यायची नाही. ती आमच्याकडं जेवणानंतर पाहुण्यांना हसवायला लावायचे. अगदी शेळीसारखा ओरडतो कोणीतरी.”

मी तबकडीवरचं नाव वाचलं. मास्टर चिंतामण वाठोडकर, अमरावती.

आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव असं अचानक समोर आलं की आधी खोटंच वाटतं. मी दोनदा वाचलं. मग तबकडी यंत्राच्या फिरत्या ताटावर ठेवली आणि अठ्ठ्याहत्तरवर लावली.

शेळी नव्हती. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा गणपतीचं पद गात होता. आवाज भरलेला, मोकळा, कुठं ओढाताण नाही. प्रमोदिनीबाई दारात थबकल्या. “ही तीच का?” म्हणाल्या. मी म्हटलं, हीच. पण माझ्या कानाला अजून काहीतरी टोचत होतं. तान जरा घाईची वाटायची, गळा किंचित आवळल्यासारखा. त्या काळातल्या तबकड्या काही सगळ्याच अठ्ठ्याहत्तरवर भरलेल्या नसत. भरणारा ज्या वेगानं यंत्र फिरवील तो तिचा वेग. अशी तबकडी खरी लावायची तर गाणारा कोणत्या सुरात गायला हे कळावं लागतं, मग पेटीवर तो सूर धरून स्क्रू तिथवर आणायचा. पेटी म्हणजे हार्मोनियम. मी पेटी मागवून पाहिलं, पद पांढरी दोन या पट्टीवर येत होतं. ते बरोबर की चूक हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो धामणगावला वजनकाट्यावर बसून होता.

मी यंत्र तबकडीसकट आठ दिवसांसाठी मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धामणगावची गाडी पकडली. बेवारशी वस्तूचा मालक सापडल्याच्या आनंदात मी होतो.

माझी यायची वेळ नव्हती, त्यामुळं चिंतामणबाबू दारात नव्हते. ते भात रांधत होते. मी बसलो आणि सरळ विचारलं, “चिंतामणबाबू, तुमी गणपतीचं पद कोण्या सुरात गायले होते?”

त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. “कोनं सांगतलं तुमाले?”

“तबकडीनं सांगतलं. बापूसाहेबांच्या घरी सापडली.”

“फोडून टाका ते,” ते म्हणाले. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. “मले नाही आठवत सूर-बिर. जेवाचं असंन तं बसा, नाहीतं गाडी आहे सातची.”

मी पण काही कमी नाही. मी म्हटलं, “त्या यंत्राचा वेग चुकला होता. पंचवीस वर्षं ब्याण्णववर फिरून राहिलं होतं ते. लोकं हासले ते यंत्राले हासले, तुमाले नाही.”

ते चुलीकडं वळून बसले. भाताचं पाणी आटून करपल्याचा वास आला तरी उठले नाहीत. मग बोलू लागले, माझ्याकडं न बघता.

सन तेरामध्ये तबकड्या भरणारी मंडळी नागपूरला आली होती. एका बंगल्यात कर्ण्यात तोंड घालून गायचं. चिंतामणबाबू तेव्हा एकोणीस वर्षांचे, वडिलांच्या मागं कीर्तनात उभे राहून साथ करायचे. अमरावतीत लोक म्हणायचे, बाप बोलतो बरा पण पोराचा गळा म्हणजे देवाचं देणं. वडिलांची गादी त्यांच्याकडंच यायची होती. वडिलांनीच रचलेलं पद ते गायले. त्याच वर्षाअखेर तबकडी आली. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात ग्रामोफोन एकाकडंच, अकोल्याला बापूसाहेबांकडं. वडील, काका, शेजारपाजार, पंधरा-वीस माणसं अमरावतीहून तबकडी ऐकायला म्हणून अकोल्याला गेली. पेढे वाटून झाले. चावी दिली. आणि कर्ण्यातून जो आवाज निघाला तो ऐकून सगळे गप्प झाले.

“भिडेनं गप्प होते,” चिंतामणबाबू म्हणाले. “मंग बापूसायबाची पोरगी, तारा, नऊ-दहा वर्साची होती, ते फसकन हासली. ते हासली अन् मंग सारेच हासले. माहे बाबा बी हासले.”

“पन त्यायनं तुमचं गानं ऐकलं होतं न बापा! कीर्तनात रोज ऐकत होते!”

“तेच मी मनलं. तं बापूसायब मले बाजूले घेऊन गेले. चांगला मानूस होता, मायेनं बोलला. म्हने, चिंतामण, मानसं तोंडावर बरं बोलतात. यंत्राले भीड नसते.” त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “सोताचा आवाज कोनाले ऐकू येते किसनराव? मी यंत्राचं खरं मानलं. अन् त्या पोरीचं. लेकरू काहून खोटं हासंन?”

त्यानंतर ते कीर्तनात उभे राहिले नाहीत. दोन वर्षांनी वडील गेले आणि गादी दुसऱ्या बुवांकडं गेली. अमरावतीत तोंड दाखवायला नको म्हणून धामणगावला आले. घरात, रस्त्यावर, काट्यावर आपला आवाज कोणाच्या कानावर जास्त पडू नये एवढं सांभाळत त्यांनी तेवीस वर्षं काढली. जिथं कुठं ग्रामोफोन लागेल तिथून ते उठून जायचे. आपल्याला गळा होता की नव्हता, हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. म्हणाले, “काळी एक. मी काळी एकच्या खाली-वर कधी गायलो नाही.”

पुढच्या रविवारी ते अकोल्याला माझ्या दुकानात आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, घडी पडलेला कोट. स्थळ पाहायला आल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले. मी फळी ओढून घेतली, पाण्याची वाटी ठेवून यंत्र समपातळीत केलं, सुईचा कोन पाहिला, नवी सुई बसवली. पेटीवर काळी एक धरली आणि स्क्रू केसाकेसानं मागं घेत गेलो. पांढरी दोनवरचा आवाज हळूहळू खाली उतरला आणि पेटीच्या सुरात जाऊन मिळाला. फेरे मोजले, चौऱ्याहत्तर. आवळलेला गळा सुटला. दुकानात तो मुलगा येऊन उभा राहिला आणि गायला लागला.

मी आयुष्यात पुष्कळ तबकड्या ऐकल्या. गाणं मला कळतं असं मी म्हणत नाही, पण आवाज कळतो. तो आवाज फार चांगला होता.

चिंतामणबाबू हात मांडीवर ठेवून ऐकत होते. सुई शेवटी घरघरायला लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. मी सुई उचलली.

“दुसऱ्या कडव्याले दम कमी पडला,” ते म्हणाले. “तिथं मी चुकलो. ते खरंच चुकलो.”

“तेवढी तं चूक असतेच.”

“हाव. पन ते माही आहे.” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं होतं तसा त्या नजरेत आनंद नव्हता. “किसनराव, तुमी हे काहून केलं? मले गळा नव्हता, मनून मी गायलो नाही. असं होतं न माहं? आता काय सांगू मी सोताले?”

मी तबकडी कागदात गुंडाळायला लागलो.  ते टोपी सारखी करून निघून गेले. दुकान उघडं टाकून मी तसाच बसलो. गिऱ्हाईक आलं तर त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. मी एक यंत्र नीट केलं होतं आणि एका माणसाची तेवीस वर्षं उघडी पाडली होती. मला माझाच राग आला.

पाचव्या दिवशी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच होता: त्या दिवशी दिवाणखान्यात कोण कोण होते ते मी लिहून काढले. बाबा वारले, काका वारले, बापूसाहेब गेले, बाकीचे कोण मेले, कोण बदली होऊन गेले. तारा आहे. एलिचपुरास दिली आहे. तिला एकदा ऐकवावी असे वाटते.

अचलपूरला तेव्हा एलिचपूर म्हणत. प्रमोदिनीबाईंची परवानगी काढली. त्या म्हणाल्या, न्या खुशाल, वडिलांचं यंत्र शाळेत जाण्याआधी वन्संना एकदा बघू दे. एवढं निमित्त आम्हाला पुरे होतं. मूर्तिजापूरला गाडी बदलून आम्ही लहान गाडीत बसलो. यंत्राची पेटी माझ्या मांडीवर, चादरीत बांधलेला कर्णा चिंतामणबाबूंच्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या शेतकऱ्यानं विचारलं, काय आहे जी हे? ते म्हणाले, बाजा आहे. वाजते का? वाजते, ते म्हणाले. आख्ख्या प्रवासात तेवढंच बोलले. तबकडी त्यांनी कोटाच्या आत छातीशी धरली होती.

निघण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, तुमी कोन ते तिला सांगणार का? त्यांनी मान हलवली. “आधी ऐकू द्या. ते आता काय म्हन्ते ते ऐकाचं आहे मले. मंग सांगीन.”

ताराबाई बत्तीस वर्षांच्या, गोऱ्या, बोलक्या. मी माझं नाव सांगितलं आणि चिंतामणबाबूंना ‘हे माझे धामणगावचे स्नेही’ एवढंच म्हटलं. त्यांनी चहा केला, घरच्यांची चौकशी केली. यंत्र पाहिल्यावर त्यांना भडभडून आलं. पेटीवरून हात फिरवत म्हणाल्या, “बाबा रोज संध्याकाळी लावत. आम्ही पोरं रांगेत बसत होतो.” त्यांची मुलगी सिंधू, सहा-सात वर्षांची, आईचा पदर धरून कर्ण्यात डोकावत होती.

मी ओसरीवर जागा पाहिली, पाटाखाली कागदाच्या घड्या घालून पेटी सरळ केली आणि वाटी ठेवून पाणी पाहिलं. चिंतामणबाबूंनी कोटातून तबकडी काढून माझ्या हातात दिली.  मी चावी दिली आणि सुई टेकवली.

ताराबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. एकदाही हसल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “किती गोड गळा आहे! कोनाची आहे ही? आमच्या बाबांकडची नाही. बाबांच्या साऱ्या तबकड्या मले पाठ होत्या, ही मी कधीच नाही ऐकली.”

मी चिंतामणबाबूंकडं पाहिलं. या एका वाक्यासाठी ते आले होते. त्यांनी घसा खाकरला. आता सांगतील असं मला वाटलं, आणि तेवढ्यात सिंधूनं भोकाड पसरलं. तिला चावी फिरवायची होती. आईनं नको म्हटलं तशी ती पाय आपटून रडू लागली.

“सिंधू!” ताराबाई म्हणाल्या. “पाहुण्यांसमोर चिंतामण नको लावू!”

माझ्या हातातली सुई खाली पडली. “काय म्हनलं बाई तुमी?”

“अहो, ही काही ना काही किरकिर लावतेच,” त्या हसत म्हणाल्या. “आमच्या माहेरी तसं म्हणत. कोनी रडकं तोंड केलं, किरकिरलं, की म्हणायचं, चिंतामण लावला. इथं आता सासरचे पण म्हणतात.”

“पन काहून? चिंतामण कोन होता?”

“कोनाले ठाऊक! शेळीसारखी ओरडणारी एक तबकडी होती बाबांकडं, तिच्यावरून म्हणतात.”

मी उठलोच.  त्या बाईची काही चूक नव्हती हे मला कळत होतं, तरी मी तिला सगळं सांगणार होतो, त्या दिवशी ती हसली तिथपासून. चिंतामणबाबूंनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच. मी बसलो. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी जमिनीवर सुई शोधत राहिलो.

चिंतामणबाबू त्या मुलीपुढं उकिडवे बसले. “पोरी,” ते म्हणाले, “चिंतामण कसा लावतेत? दाखव बरं मले.”

रडता रडता तिला गंमत वाटली. तिनं नाक चिमटीत धरलं, मान ताणली आणि शेळीसारखा उंच, थरथरता सूर काढला. हुबेहूब. मी ब्याण्णववर ती तबकडी ऐकली नव्हती, पण आता ऐकली. त्या मुलीनंही कधी ऐकली नव्हती. तिला तो आवाज आईकडून आला होता.

“अस्सं,” चिंतामणबाबू म्हणाले. “अन् हे पाह्य, असा बी लावतेत.”

आणि ते गायले. पहिला सूर खरखरत आला, मध्येच तुटला. ते थांबले, डोळे मिटले आणि पुन्हा उचलला. वडिलांच्या पदाचं पहिलं कडवं. आवाज जाड झाला होता, कडा झिजल्या होत्या, वरच्या जागा ते सोडून देत होते. पण सूर काळी एक होता, ते कळायला मला हार्मोनियम लागली नाही. हमालालाही कधी हाक न मारलेला माणूस एका परक्या ओसरीवर, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गात होता. ताराबाई कपबशी हातात धरून तशाच उभ्या होत्या.

कडवं संपलं. सिंधूचं रडं थांबलं होतं. ती त्यांच्याकडं टक लावून पाहत होती.

“हा चिंतामण आहे,” ते तिला म्हणाले.

तिनं जोरानं मान हलवली. “हा नाही चिंतामण,” ती म्हणाली. “हे तं गाणं आहे.”

चिंतामणबाबूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

“हाव पोरी,” ते म्हणाले. “गानंच होतं ते.”